शेजारचं दार वाजवायला खून कशाला हवा?

या वेळचं पत्र

ताई, नमस्कार.

मी जिंतूरकडची. लेक बारावीला आहे, नीटची तयारी करते, म्हणून मागच्या वर्षीपासून आम्ही दोघी लातूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मिस्टर गावीच असतात, शेती आणि दुकान दोन्ही त्यांच्याकडे. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची एखादी चक्कर होते. लेक सकाळी क्लासला जाते ती तिथूनच अभ्यासिकेत. घरी येते ती जेवायला आणि झोपायला. दिवसभर मी आणि चार भिंती. करमत नाही, हे कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण "लेकरासाठीच तर गेलीस ना?" असं म्हणतात.

इमारतीत माझ्यासारख्या लेकरांसाठी आलेल्या बऱ्याच आया आहेत. पण जिन्यात गाठ पडली की विचारणं एकच, "टेस्टला किती पडले?" आता तर बाहेर कुणाचा आवाज आला की मी दार उघडायचं टाळते.

दिवाळीत भाच्याने मोबाइलवर 'ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग' ही मालिका लावून दिली. इंग्रजी भराभर कळत नाही, थांबवून थांबवून खालची अक्षरं वाचते. पहिला सीझन संपला, दुसरा चालू आहे. लेक झोपली की कानात घालून बघत बसते. माणूस मेलेला असतो आणि मी हसत असते. बनी नावाच्या म्हातारीच्या शेवटच्या दिवसाचा भाग पाहिला तेव्हा मात्र रडू आवरेना. मिस्टरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "खुनाचं काय बघत बसलीस, पोरीच्या अभ्यासाकडं बघ."

आता खरं सांगते. आमच्या समोरच्या दारात एक काका एकटेच राहतात. दुधाची पिशवी कधी कधी अकरापर्यंत कडीला तशीच लटकलेली असते. रात्री दहाच्या सुमारास हातात पिशवी घेऊन कुठंतरी जातात आणि अर्ध्या तासाने येतात. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवायला लागले. मग एक दिवस मनात आलं, या इमारतीत काहीतरी घडावं. तो विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. येळवशीला सगळी इमारत रिकामी झाली, जो तो शेतात गेला. आम्हाला कुणी या म्हटलं नाही. आम्ही दोघींनी खिचडी खाल्ली, लेक अभ्यासाला बसली आणि मी लागोपाठ दोन भाग पाहिले.

माझं काही बिघडलंय का? ही मालिका बघणं सोडून देऊ का?

एक आई, लातूर

*

ताई,

तुमचं काहीच बिघडलेलं नाही, आणि मालिका सोडायचंही कारण नाही. सोडायची ती वही. ती का, ते पुढे सांगते. आधी मालिकेबद्दल बोलू, कारण ती तुम्हाला एवढी का धरून ठेवते हे उलगडलं, तर तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गाठी सैल होतील असं मला वाटतं.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस सुरू झालेली ही अमेरिकन मालिका. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये अर्कोनिया नावाची जुनी, देखणी इमारत आहे. नाव कल्पनेतलं, पण बाहेरून आपल्याला दिसते ती तिथली बेलनॉर्ड ही खरीखुरी, शंभरीपार गेलेली इमारत, मधोमध मोठं अंगण असलेली. तिथं राहणारा चार्ल्स हा एके काळी टीव्हीवर डिटेक्टिव्हचं काम करून गाजलेला नट. ऑलिव्हर नाटकाचा दिग्दर्शक, नाटकं पडली आणि तो कर्जात गेला. मेबल ही तरुण मुलगी नात्यातल्या बाईच्या फ्लॅटचं काम काढून त्याच अर्धवट घरात राहते. स्टीव्ह मार्टिन, मार्टिन शॉर्ट आणि सेलेना गोमेझ या तिघांनी ती माणसं उभी केली आहेत. इमारतीत एक खून होतो, पोलीस आत्महत्या म्हणून कागद मिटवतात, आणि ही तिघं स्वतः शोध घेत त्यावर पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवर ऐकायचा कार्यक्रम, सुरू करतात. खुनी कोण, हे मी इथं कुठंही सांगणार नाही, निर्धास्तपणे वाचा.

मूळ कल्पना स्टीव्ह मार्टिनची. गुन्ह्यांच्या गोष्टींचं वेड असलेली म्हातारी माणसं, पण शहरभर हिंडायची उमेद नाही, म्हणून खून शोधायचे ते फक्त आपल्या इमारतीतले. नावात तो 'इन द बिल्डिंग' आला तो असा. ही कल्पना मला फार मायेची वाटते. ज्याच्या अंगात जिना उतरायचंही बळ उरलेलं नाही, त्यालासुद्धा काहीतरी उलगडायचं असतं, कुणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं.

आता पहिला भाग आठवा. लिफ्टमध्ये चौघं उभे आहेत. त्यातली तिघं आपली ही मंडळी, आणि चौथा टिम कोनो, जो थोड्याच वेळात मरणार आहे. कुणी कुणाशी बोलत नाही. पुढे आगीचा भोंगा वाजतो, सगळ्यांना बाहेर पडावं लागतं, आणि जवळच्या हॉटेलात बसल्यावर तिघांना कळतं की आपण प्रत्येक जण आपापल्या घरात, एकटा बसून, एकच पॉडकास्ट ऐकत होतो. एकाच छताखाली राहणाऱ्या तीन माणसांना एकमेकांची आवड कळायला आग लागल्याची घंटा वाजावी लागली. आणि मग टिमसाठी इमारतीतले लोक जमतात तेव्हा? त्याच्याबद्दल चार शब्द बोलावेत असं कुणाला वाटत नाही. एका शेजाऱ्याची मांजर त्याच रात्री मेलेली असते, तिचीच हळहळ जास्त होते. आपण हसतो, पण हसताना पोटात काहीतरी हलतं. हा माणूस इथं राहत होता आणि तो कोण होता हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझं मत असं आहे की या मालिकेची गोडी खुनात नाहीच. खून त्या तिघांना एक परवानगी मिळवून देतो. एरवी शेजाऱ्याला "काल रात्री कुठं होतात? घरात कोण आलं होतं? उदास का दिसता?" असं विचारणारा माणूस भोचक ठरतो. खून झाला की तेच प्रश्न विचारणं काम होऊन बसतं. दार वाजवता येतं, आत जाता येतं, भिंतीवरचे फोटो बघता येतात, समोरच्याला बोलतं करता येतं. तिघांना एकमेकांकडं रोज जायला निमित्त मिळतं. ऑलिव्हर जेवणाऐवजी डिप्स खाऊन राहणारा, एकट्यासाठी स्वयंपाक कशाला म्हणणारा. चार्ल्सला ऑमलेट छान येतं, पण ज्या लेकरासाठी तो ते करायचा ती पोर त्याच्या आयुष्यातून निघून गेलेली. अशा माणसांच्या घरात दुसऱ्या भागापासून माणसांची ये-जा सुरू होते. खुनी सापडला नाही तरी आपल्याला चालेल, ही ये-जा थांबू नये, असं वाटायला लागतं. तुम्हालाही तेच वाटत असणार. तुम्ही थांबवून थांबवून इंग्रजी वाचता, एवढे कष्ट माणूस नुसत्या कोड्यासाठी घेत नाही.

म्हणून "या इमारतीत काहीतरी घडावं" या तुमच्या विचारात मला कुणाचं वाईट चिंतणं दिसत नाही. दार उघडावं, चार माणसं जिन्यात जमावीत, कुणीतरी "तुम्हाला काही माहीत आहे का हो?" असं तुम्हाला विचारावं, एवढीच ती इच्छा आहे. तिची लाज वाटून घेऊ नका.

हसण्याबद्दलही तेच. आपल्याकडं मयताच्या घरी दहाव्यापर्यंत बायका बसायला येतात. पहिल्या दिवशी रडारड असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी गेलेल्या माणसाचा एखादा हट्ट आठवून सांगतं आणि घरची सूनसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. त्या हसण्यात अनादर नसतो, मेलेला माणूस त्या घटकेला पुन्हा घरात आलेला असतो. आणि रहस्यकथेची गोडी म्हणाल तर ती आपल्याला परकी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी घरांत त्या पिढ्यान् पिढ्या वाचल्या गेल्या. त्या वाचणाऱ्यांना खुनाची हौस होती असं कुणी म्हटलं नाही. मिस्टरांना हे सांगायला हरकत नाही.

बनीसाठी तुम्ही रडलात. त्या भागाबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तुमच्या पत्रातलं येळवशीचं दुःख आणि बनीचं दुःख माझ्या लेखी एकाच जातीचं आहे. बनी फोल्गर ही इमारतीच्या मंडळाची अध्यक्ष, तोंडाने फटकळ, नियमांवर बोट ठेवणारी. पहिल्या सीझनभर आपल्याला ती नकोशीच वाटते. दुसऱ्या सीझनमध्ये तिचा शेवटचा दिवस दाखवतात तेव्हा कळतं की ही बाई किती एकटी होती. त्या संध्याकाळी ती या तिघांच्या दाराशी शॅम्पेनची बाटली घेऊन येते. ते बाटली घेतात, आभार मानतात, आणि "आत या" म्हणत नाहीत. एवढंच. कुणी अपमान केला नाही, कुणी वाईट बोललं नाही. आपली ही लाडकी तिघं, एकाकीपणा सोसलेली, एकमेकांत रमलेली, तीसुद्धा दारातल्या माणसाला आत घ्यायचं विसरतात. मालिका लिहिणाऱ्यांनी इथं फार प्रामाणिकपणा दाखवला आहे. ज्याचा घोळका जमला त्याला बाहेर उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. तुमच्या इमारतीतल्या लोकांनी तुम्हाला वगळायचं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना तुम्ही दिसला नाहीत.

इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडचा हा शेताचा सण कर्नाटकाच्या बाजूने इकडं आला. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपी करून पूजा करतात, आणि भज्जी (पालेभाज्या-सोलाण्यांची मिसळ भाजी), आंबील, उंडे असं जेवण रानातच होतं. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते आणि शहराचे रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेताचं आवतण असतं. म्हणूनच ज्याला ते आलं नाही त्याला तो दिवस फार टोचतो. तुमचं टोचणं खरं आहे. पण या सणाची एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: शेतात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. हे लोक मोकळ्या हाताचे आहेत. त्यांना फक्त कळायला हवं की तुम्ही त्या दिवशी गावी जात नाही, इथंच असता.

मग हे कळवायचं कसं? तुमच्या मजल्यावर किंवा खालीवर मूळची लातूरकडची एखादी बाई असेल. तिच्याकडं काही द्यायला जाऊ नका, मागायला जा. "तुमच्याकडची भज्जी मला शिकवा, आमच्याकडं तशी होत नाही," असं म्हणा. हिवाळा आहे, सोलाणे, पालेभाज्या सगळं बाजारात आहे. नव्या शेजारणीने डबा आणून दिला की घेणारीच्या डोक्यावर परतफेडीचं ओझं येतं. तेच कुणी शिकवा म्हटलं की माणूस खुलतं. चार्ल्सकडं बघा. इतरांनी त्याची चौकशी केली, सहानुभूती दाखवली, की तो आणखी मिटतो. "तू डिटेक्टिव्ह होतास ना, सांग बघू आता काय करायचं," म्हटलं की तो ताठ उभा राहतो.

मार्कांचा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो मालिकेत नाही, तो आपल्या लातूरचा आहे. ७२० पैकी किती, हा आकडा इथं माणसाच्या नावाआधी विचारला जातो. विचारणाऱ्या आयांना मी फार दोष देणार नाही. घरदार, नवरा, सासू-सासरे मागे ठेवून, भाडं आणि फी भरून त्या आल्या आहेत. त्यांच्याकडं बोलायला दुसरं काही उरलेलंच नाही, आणि प्रत्येकीला वाटतं की समोरचीचं लेकरू पुढे गेलं तर आपलं मागे पडेल. आपल्याकडं चौकशी दोन तऱ्हेची असते. एक तुम्हाला मोजण्यासाठी: आडनाव काय, गाव कुठलं, जमीन किती, मार्क किती. दुसरी तुम्हाला ओळखण्यासाठी. पहिल्या तऱ्हेला कंटाळून तुम्ही दार लावून घेतलंत, हे मला कळतं, पण त्याच दाराने दुसरीही अडते.

पुढच्या वेळी कुणी विचारलं की उत्तर टाळून पळू नका. "आकडा मी पोरीलाच विचारायचं सोडलंय. तुम्ही दुपारी काय करता हो एवढ्या वेळात?" असं सरळ विचारून बघा. दहांतल्या सहा बायका विषय बदलतील. एखादी मात्र थांबेल, कारण तिला हा प्रश्न या शहरात आल्यापासून कुणी विचारलेला नसेल. तुम्हाला एकच हवी आहे. ती तिघंसुद्धा तिघंच आहेत, सगळी इमारत त्यांची मित्र नाही.

लातूरच्या जुन्या माणसांना २०१६ चा उन्हाळा विचारा. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. घागरींच्या रांगेत लोक भांडले, आणि त्याच रांगेत कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या म्हातारीला उठवत नाही, हेही सगळ्यांना माहीत झालं. ते दिवस परत यावेत असं कुणीही म्हणणार नाही, मीही नाही. पण संकट गेलं की एकत्र उभं राहायचं निमित्तही जातं. आता वरच्या टाकीचं पाणी थेट स्वयंपाकघरात येतं, आणि शेजारी कोण राहतं हे कळायला काही कारण उरत नाही. निमित्त आता आपणच काढावं लागतं, आणि ते काढताना अवघडल्यासारखं होतं, याला इलाज नाही.

आता वहीबद्दल. ती सोडा म्हणते, कारण वही लिहिणारी बाई दाराच्या आत उभी असते. काका दहाला गेले, साडेदहाला आले, हे तुम्ही टिपता तेव्हा त्यांच्याबद्दल तुम्हाला काही कळत नाही, आणि त्यांना तुम्ही आहात हेही कळत नाही. मालिकेतली तिघं असं टिपण करतात तेव्हा काय होतं तेही पाहा. पहिल्याच सीझनमध्ये ते भलत्याच माणसांवर आळ घेतात, इमारतीत राहणाऱ्या स्टिंग या प्रसिद्ध गायकालाही सोडत नाहीत. मेबलने टिमची ओळख लपवलेली असते. ती उघडी पडते तेव्हा तिघांची मैत्री तुटायला येते. दुसऱ्याच्या घरात डोकावणं त्यांनाही महाग पडतं. टीव्हीवर ते गमतीचं आहे. लातूरच्या एका जिन्यात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल अशी वही कुणाच्या हाती लागली तर ते गमतीचं राहणार नाही.

आणि तुमच्या वहीत एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी थांबायलाच नको. दुधाची पिशवी अकरापर्यंत कडीला. एकट्या माणसाच्या दारात ती तशी दिसली की बेल वाजवायची. "काका, दूध अजून बाहेरच आहे, आमच्या फ्रिजमध्ये ठेवू का?" एवढं वाक्य पुरे. एकटी बाई एकट्या पुरुषाच्या दारात गेली की लोक काय म्हणतील, हा विचार तुमच्या मनात असणार, आणि गावात राहायचं तर तो करावा लागतो. मग पहिल्यांदा लेकीला नाहीतर दुसऱ्या एखाद्या आईला सोबत घ्या, उंबऱ्याबाहेरूनच बोला, दिवसाउजेडी बोला. तुमचा नंबर त्यांना द्या, त्यांचा घ्या. त्यांच्या मुलाबाळांचा एखादा नंबर वॉचमनकडं आहे का तेही विचारून ठेवा. रात्री पिशवी घेऊन कुठं जातात हे विचारू नका. ओळख झाली की ते स्वतःच सांगतील. आणि कधी दार वाजवून, हाका मारून आतून काहीच ओ आली नाही, तर वॉचमन, सोसायटीचे सेक्रेटरी आणि ११२, यात वेळ घालवायचा नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ चालते. हा नंबर काकांनाही द्या.

तुमच्यासाठीही एक नंबर. नुसतं करमत नाही इथपर्यंत असेल तर वर सांगितलेलं पुरेल. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रोजच रडू येत असेल आणि असे दोन आठवडे गेले असतील, तर १४४१६ या टेलिमानस सेवेला फोन करा. मोफत आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. लेकीच्या परीक्षेपर्यंत ढकलू असं करू नका.

तुमच्या पत्रात आणखी दोन एकटी माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल तुम्ही फारसं लिहिलेलं नाही. एक तुमची लेक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये एकाकीपणावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एकाला हा त्रास आहे, आणि सगळ्यात जास्त तो किशोरवयीन मुलामुलींना आहे, असं त्यात म्हटलं आहे. तुमची पोर दिवसभर शेकडो लेकरांत बसते. त्यातलं प्रत्येक लेकरू तिचं स्पर्धक आहे असं तिला रोज सांगितलं जातं. ती घरी येते तेव्हा तुम्हीही कानात घालून बसायची वाट बघत असता. आठवड्याची टेस्ट झाली की त्या रात्री कानातलं काढा आणि अर्ध्या तासाचा एक भाग दोघी मिळून बघा. तिचं इंग्रजी तुमच्यापेक्षा पळतं असेल, तिला अर्थ विचारा. अभ्यासाचा अर्धा तास बुडतो म्हणून मिस्टर रागावले तर ते माझ्यावर घाला.

आणि दुसरे मिस्टर. "पोरीच्या अभ्यासाकडं बघ" म्हणाले म्हणून तुम्हाला राग आला, तो रास्त आहे. पण ते रात्री काय जेवतात, हे तुम्ही कधी विचारलंत का? दुकान बंद करून, रानातून येऊन, ज्या घरात बायको आणि लेक दोघीही नाहीत तिथं कुलूप उघडणारा माणूस आहे तो. लेकीचा अभ्यास हा एकच विषय त्यांना फोनवर सुरक्षित वाटत असेल. जिन्यातल्या आया मार्कांपलीकडं बोलत नाहीत, आणि फोनवर तेही बोलत नाहीत. मला वाटतं दोन्हीचं कारण एकच आहे.

त्यांना मालिकेचं कौतुक सांगू नका, गोष्ट सांगा. रोज रात्री फोनवर एक भाग, अगदी पहिल्यापासून, तुमच्या भाषेत: एक होती इमारत, तिच्यात होते तीन रिकामटेकडे. शेवटी विचारा, "तुम्हाला काय वाटतं, कुणी मारलं असेल?" दुकानात बसून दिवसभर माणसं बघणाऱ्याला माणसाची पारख असते, ते अंदाज बांधायला लागतील. दुसऱ्या दिवशी तुमच्याआधी त्यांचाच फोन आला तर आश्चर्य वाटायला नको.

पाच सीझन निघाले आहेत, पाचवा २०२५ मध्ये आला, प्रत्येकी दहा भाग. घाई करू नका. तिसऱ्यात मेरिल स्ट्रीप आहे आणि गोष्ट नाटकाच्या थिएटरात जाते. तो लेकीची नीट झाल्यावर, मे महिन्यात तिच्यासोबत सुरू करा, तोवर इंटरनेटवर खुनी शोधायला जाऊ नका. मिस्टरांना मात्र पहिल्या सीझनचे सहाच भाग फोनवर सांगा. सातवा सांगू नका, ते लातूरला आले की तो त्यांच्यासोबत पुन्हा बघा. तो थिओ या कर्णबधिर तरुणाच्या नजरेतून दाखवला आहे, जवळजवळ सगळा भाग बोलण्याशिवाय आहे. खालची अक्षरं फार थोडी आहेत, तुम्हाला सारखं थांबवावं लागणार नाही, आणि त्यांना इंग्रजी येत नसलं तरी काही अडणार नाही.